‘अंतर्गत बाब’ आणि विश्वबंधुत्वाचे वाङ्मय

संयुक्त राष्ट्रांचा स्थापनादिन, २४ ऑक्टोबर, जवळ आला की आपल्याकडे एक ठरावीक प्रकारचे वाङ्मय तयार होऊ लागते. शाळेतले निबंध, महाविद्यालयातल्या वक्तृत्वस्पर्धा, नभोवाणीवरची भाषणे, वर्तमानपत्रांतले अग्रलेख. याला वाङ्मय म्हणावे काय, असे कोणी विचारील. म्हटले पाहिजे. ज्या लेखनातून विद्यार्थ्यांच्या पिढ्या ‘जग’ नावाची गोष्ट शिकतात, ते लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवून चालणार नाही. कवितेची चिकित्सा करायची आणि पाठ्यपुस्तकातला धडा तसाच सोडून द्यायचा, ही प्रस्थापित समीक्षेची चैन आहे. आपल्याला ती परवडणारी नाही.

या वाङ्मयाचा साचा ठरलेला आहे. प्रारंभी महायुद्धाने होरपळलेले जग. मग १९४५ सालची सनद. मग देवीच्या रोगाचे उच्चाटन, ओझोनच्या थराचे रक्षण, भुकेल्यांना अन्न, निर्वासितांना आसरा. शेवटी भारताची प्राचीन थोरवी आणि ‘वसुधैव कुटुंबकम्’. २०२३ साली जी-२० गटाचे अध्यक्षपद भारताकडे होते तेव्हा हेच वचन ब्रीद म्हणून जगापुढे ठेवले गेले. अवघे जग एक कुटुंब. छान आहे. पण आपल्या कुटुंबात पंगतीला कोण बसतो, वाढतो कोण आणि उष्टी कोण उचलतो, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले त्यांना कुटुंब हा शब्द ऐकून लगेच भरून येत नाही. ते आधी विचारतात : या कुटुंबात आमची जागा कोठली?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या वाङ्मयात सांगितलेले पराक्रम खोटे नाहीत. देवीचा रोग जगातून गेला. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभे होते, त्याच काळात त्यांचे डॉक्टर एका मोहिमेत काम करीत होते. जगभर निर्मूलन करण्याची सूचना १९५८ साली सोव्हिएत प्रतिनिधीने मांडली होती आणि १९६७ पासूनच्या निर्णायक मोहिमेचे नेतृत्व एका अमेरिकन डॉक्टराने केले. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. हे माणसाच्या हातून घडलेले मोठे काम आहे. त्याला नाक मुरडणे हा विद्रोह नव्हे, तो करंटेपणा होईल.

परंतु या यशाचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावे लागेल. रोगजंतू गावकूस मानीत नाही. तो महारवाड्यातून पाटलाच्या वाड्यात जातो आणि एका देशातून दुसऱ्या देशात जातो. त्यामुळे जेथे बलवानाच्या जिवालाही धोका असतो तेथे सहकार्य तुलनेने लवकर जमते. खरी परीक्षा वेगळीच आहे. ज्या दुःखाचा चटका फक्त दुबळ्यालाच बसतो, त्या दुःखासाठी जगातली राष्ट्रे एकत्र येतात काय? विश्वबंधुत्वाच्या वाङ्मयाने हा प्रश्न स्वतःला क्वचितच विचारला आहे. आणि गंमत अशी की, या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर इतिहासात आहे. त्यात भारताचा वाटा मोठा आहे. तरीही ती गोष्ट आपल्याकडे अर्धीच सांगितली जाते. ती अर्धीच का सांगितली जाते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तेथील हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर व वस्तीवर बंधने घालणारा कायदा केला. लोक त्याला ‘घेट्टो कायदा’ म्हणू लागले. कोणी कोठे राहावे हे जन्मावरून ठरविणारा कायदा! आपल्याला त्यात नवे काही वाटू नये. त्या कायद्याविरुद्ध जून महिन्यात डर्बन शहरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेला. वर्षअखेरीस विजयालक्ष्मी पंडित यांनी तेथे भारताची बाजू मांडली. समोर होते जनरल स्मट्स. ज्या सनदेच्या आधारे हा वाद चालला होता तिच्या प्रास्ताविकाचा मूळ मसुदा याच स्मट्स यांनी लिहिला होता. मानवी हक्कांची भाषा जगाला देणाऱ्या या गृहस्थांचा बचाव एकाच वाक्यात सांगता येतो : ही आमच्या देशाची अंतर्गत बाब आहे, सनदेच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे तुम्हाला त्यात पडण्याचा अधिकार नाही. आमसभेने हा बचाव मानला नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत झाला.

या मतदानाचे महत्त्व फार मोठे आहे. माणसाला माणूस म्हणून वागविले जाते की नाही, हा प्रश्न सरहद्दीच्या आत कोंडून ठेवता येणार नाही, असे जगाने त्या दिवशी मान्य केले. १९४८ साली दक्षिण आफ्रिकेत अपार्थाइड हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. १९५२ साली भारतासह तेरा आशियाई व अरब राष्ट्रांनी तो संपूर्ण प्रश्न आमसभेपुढे आणला. आता तो केवळ तेथील हिंदी लोकांचा प्रश्न राहिला नव्हता. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ माणसे मारली. १९६२ साली अपार्थाइडविरोधी खास समिती नेमली गेली. १९७३ साली अपार्थाइड हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरविणारा करार झाला. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला आणि चषकावर पाणी सोडले. १९७७ साली सुरक्षा समितीने शस्त्रबंदी सक्तीची केली. अखेर १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताचा अधिकार मिळाला. हे आंतरराष्ट्रीय सहकार्य खरे. याचा उत्सव जरूर करावा. आपणही करावा, आणि इतरांपेक्षा अधिक जोरात करावा. कारण बहिष्कार ही काय चीज आहे हे आपण अंगावर सोसले आहे, आणि येथे तो प्रथमच योग्य माणसावर टाकला गेला होता.

आता गोष्टीचा उरलेला अर्धा भाग.

त्याच १९४६ सालच्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती यांत इतके साम्य आहे की पहिलीचा अभ्यास करणे आपल्याला स्वाभाविक आणि आवश्यक वाटते, असा त्या पत्राचा आशय आहे. अस्पृश्यांनीही असा अर्ज करावा, हा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले. आपण बाबासाहेबांचे नाव व कार्य ऐकून आहोत आणि भारतातील अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळविले.

त्या महिन्याची पार्श्वभूमी लक्षात घ्या. मे महिन्यात कॅबिनेट मिशनने आपली योजना जाहीर केली होती आणि तीत अस्पृश्यांच्या स्वतंत्र हक्कांना जागा नव्हती. जुलैत पुण्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा सत्याग्रह चालू होता. म्हणजे एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात डर्बनमध्ये सत्याग्रह होता आणि पुण्यातही होता. एका सत्याग्रहाचा आवाज न्यूयॉर्कपर्यंत पोहोचविण्यासाठी आख्खे राष्ट्र उभे राहिले. दुसऱ्यासाठी एका माणसाने एक पत्र लिहिले. विश्वबंधुत्वाच्या वाङ्मयात पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही.

या पत्रव्यवहाराचे वाङ्मयीन महत्त्वही आहे. ड्यू बॉइस हे केवळ विचारवंत नव्हते, कादंबरीकारही होते. १९२८ साली त्यांनी ‘डार्क प्रिन्सेस’ ही कादंबरी लिहिली. जगातल्या सगळ्या काळ्या-सावळ्या लोकांची एकजूट व्हावी, हे तिचे स्वप्न. आंतरराष्ट्रीय सहकार्याची ही कादंबरीच म्हणायची. तीत अमेरिकेतला एक कृष्णवर्णीय तरुण आहे आणि भारतातल्या एका संस्थानाची राजकन्या आहे. राजकन्येचे नाव कौटिल्या! शेवटी त्यांचे मूल साऱ्या कृष्णवर्णीय जगाचा तारणहार म्हणून पुढे येते. ड्यू बॉइस यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण इतक्या मोठ्या मनाच्या माणसालाही भारत दिसला तो राजवाड्याच्या खिडकीतून. पीडितांच्या एकजुटीचे स्वप्न पाहताना त्यांनी भारताचा प्रतिनिधी म्हणून निवडली एक राजकन्या. पुढे १९४६ साली त्यांच्या टेबलावर जे पत्र आले ते राजवाड्यातून आले नव्हते. ते गावकुसाबाहेरून आले होते. कादंबरीला जे दिसले नाही ते पत्राने दाखविले. परदेशातला आपला मित्रसुद्धा आपल्याला आपोआप ओळखत नाही. आपण लिहावे लागते, सांगावे लागते. दलित साहित्याची आवश्यकता याहून वेगळ्या शब्दांत काय सांगायची?

मग बाबासाहेबांच्या त्या अर्जाचे काय झाले? १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना केलेल्या निवेदनात त्यांनी स्वतःच ते सांगितले आहे. अस्पृश्यांच्या स्थितीविषयी संयुक्त राष्ट्रांकडे पाठविण्यासाठी त्यांनी निवेदन तयार केले होते, पण सादर केले नाही. घटना समितीला आणि भावी संसदेला या प्रश्नाचा विचार करण्याची संधी द्यावी, असे त्यांना वाटले. आणि पाच वर्षांनंतर त्यांना काय दिसले? जुनाच जुलूम, जुनीच दडपणूक, जुनाच भेदभाव. ज्या माणसाला घरची लक्तरे बाहेर मांडणारा म्हणून हिणवले गेले, त्याने हातात तयार असलेला कागद खिशात ठेवला आणि आपल्या देशाला संधी दिली. राष्ट्रप्रेमाचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? हे सादर न झालेले निवेदन म्हणजे या देशावर असलेले एक कर्ज आहे. विश्वबंधुत्वाच्या वाङ्मयाने त्याची नोंद आपल्या वहीत कधी केली नाही.

अर्ज सादर झाला असता तर न्याय मिळालाच असता, असा भाबडा दावा मी करीत नाही. ड्यू बॉइस यांच्या पुढाकाराने निग्रोंच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेने ऑक्टोबर १९४७ मध्ये ‘जगाला आवाहन’ हे निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिले. अमेरिकेच्या प्रतिनिधींनी ते पुढे सरकू दिले नाही. सोव्हिएत रशियाने ते उचलून धरले, पण त्यातही निग्रोंच्या प्रेमापेक्षा अमेरिकेची कोंडी करण्याची हौस अधिक होती. मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली झाला. त्याच्या तयारीच्या काळातच हे घडले. म्हणजे ‘अंतर्गत बाब’ हा मंत्र केवळ स्मट्स यांचा नव्हता. प्रत्येक राज्यकर्त्याच्या खिशात तो असतो. आंतरराष्ट्रीय सहकार्य हे मुळात राज्याराज्यांमधले सहकार्य असते आणि राज्य ज्यांच्या हाती नाही त्यांना त्या बैठकीत खुर्ची नसते.

पुढचा प्रवास तर अधिक बोलका आहे. १९६५ साली सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, कातडीचा रंग, जन्मकूळ, राष्ट्रीय व वांशिक मूळ यांवरून होणारा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. यातला ‘जन्मकूळ’ हा शब्द भारताने सुचविलेल्या दुरुस्तीने आला. १९६८ साली भारताने करार मान्य केला. परंतु १९९६ साली या कराराच्या समितीपुढे भारताचा अहवाल आला तेव्हा आपल्या सरकारने भूमिका घेतली की, जात या करारात बसत नाही. समितीने ती अमान्य केली. शब्द आपणच दिला आणि त्याचा अर्थ आपल्यावर येऊ लागताच आपणच तो नाकारला!

ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. कोठे? डर्बनला. ज्या शहरातल्या सत्याग्रहासाठी १९४६ साली भारताने ‘अंतर्गत बाब’ ही भिंत पाडली होती, त्याच शहरात पंचावन्न वर्षांनी भारताने तीच भिंत स्वतःभोवती उभी केली. अनेक दलित कार्यकर्ते स्वतःचे गाऱ्हाणे घेऊन तेथे गेले होते. बिगरसरकारी संघटनांच्या मेळाव्याने जातीचा प्रश्न आपल्या जाहीरनाम्यात घेतला. सरकारांच्या अंतिम जाहीरनाम्यात मात्र तो आला नाही. पुढल्याच वर्षी, २००२ साली, त्या कराराच्या समितीने जन्मकुळावरील भेदभावात जातीचा अंतर्भाव होतो अशी स्पष्ट शिफारस केली. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी दिल्लीच्या एका परिषदेत अस्पृश्यतेची तुलना अपार्थाइडशी केली. दोन-तीन महिन्यांत जिनिव्हाला त्यांच्याच सरकारने जात करारात येत नाही असे पुन्हा सांगितले. सरकारे बदलली, पक्ष बदलले, ही भूमिका बदलली नाही.

या भूमिकेच्या बाजूने दोन युक्तिवाद होतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला अभ्यासकांचा आहे. जात म्हणजे वंश नव्हे, आणि हे तर खुद्द आंबेडकरांनीच सांगितले आहे, असा तो युक्तिवाद. खरे आहे. जातींचा उगम वंशभेदात नाही, हे बाबासाहेबांनी आग्रहाने मांडले. आपल्यातल्या काही उत्साही मित्रांनी डर्बनच्या काळात जात आणि वंश एकच आहेत अशी भाषा केली, ती बाबासाहेबांच्या विचाराशी विसंगत होती हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पण मागणीचा गाभा तो नव्हता. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे, त्याचे काम, त्याची वस्ती, त्याचे लग्न ठरविणे, हे कातडीच्या रंगावरून होवो की जातीवरून होवो, सोसणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? करारात ‘वंश’ या शब्दाशेजारी ‘जन्मकूळ’ हा वेगळा शब्द आहे तो कशासाठी? व्याख्येचा काथ्याकूट करून माणसाला दाराबाहेर उभे ठेवणे ही आपल्या पंडितांची जुनी रीत आहे.

दुसरा युक्तिवाद भावनेचा. आपली लक्तरे वेशीवर का टांगायची? आपला कायदा आहे, आपली घटना आहे, आपण आपले पाहून घेऊ. यावर एवढेच विचारावेसे वाटते की, ज्यांचे घरच वेशीबाहेर होते त्यांनी आपली लक्तरे कोठे टांगायची होती? घटना आपली आहे, हे आपल्याला कोणी शिकवू नये. तिच्यासाठी कोणी रात्री जागविल्या ते जगाला ठाऊक आहे. पण घटना असणे हे जर जगाला उत्तर न देण्याचे कारण होत असेल, तर घटनेचा उपयोग ढालीसारखा होतो आहे. दुसऱ्याच्या घरातला अन्याय जगापुढे मांडणे ही मानवता आणि आपल्या घरातला मांडणे हा देशद्रोह, हे माप कोणत्या न्यायाचे?

एवढे लिहून थांबलो तर ही समीक्षा एकतर्फी होईल. आपल्यालाही काही विचारले पाहिजे. दलित साहित्याच्या चळवळीने सुरुवातीपासून जगाकडे पाहिले. म. ना. वानखेडे यांच्या पिढीने निग्रो साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. नाते मोठे होते. पण ते नाते बरेचसे एकतर्फी राहिले. आपण त्यांचे वाचले. त्यांनी आपले किती वाचले? बाबासाहेबांनी अर्जाच्या प्रती मागविल्या त्या अभ्यासासाठी, आणि अभ्यासातून कृतीसाठी. पुढे आपले बरेचसे आंतरराष्ट्रीय काम परिषदा, अहवाल आणि इंग्रजी ठराव यांत अडकले. ज्या बाईला विहिरीवर मार बसला तिच्या गावात ‘जन्मकूळ’ या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही, तर जिनिव्हातल्या शिफारशीचा तिला काय उपयोग? आपला अनुभव जगाच्या भाषेत गेला पाहिजे आणि जगाने दिलेला शब्द आपल्या वस्तीच्या भाषेत आला पाहिजे. हे काम शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे आणि लेखकांचे आहे. ते सरकार करणार नाही.

दक्षिण आफ्रिकेचा आणखी एक धडा आहे. अपार्थाइड न्यूयॉर्कच्या ठरावांनी कोसळले नाही. शार्पव्हिलमध्ये माणसे मेली, १९७६ साली सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली, माणसांनी आयुष्ये तुरुंगात काढली. लढणारे होते म्हणून जगाच्या मदतीला अर्थ आला. ज्याच्या घरी लढा नाही त्याला जगाची सहानुभूती ही भिक्षा ठरते, आणि भिक्षेची भाकर नाकारण्यासाठीच तर आपली चळवळ उभी राहिली.

१३ एप्रिल २०१६ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात बाबासाहेबांची १२५ वी जयंती साजरी झाली. भारताच्या प्रतिनिधी कार्यालयाने ती आयोजित केली होती. विषमता नाहीशी करण्यावर भाषणे झाली. आनंदाची गोष्ट आहे. आपल्यापैकी पुष्कळांना त्या दिवशी अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. परंतु ज्या इमारतीत त्यांचा फोटो सन्मानाने ठेवला गेला, त्याच इमारतीसाठी त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी एक निवेदन तयार केले होते, हेही सांगितले गेले पाहिजे. फोटो चालतो आणि निवेदन चालत नाही, हा उत्सवाचा जुनाच न्याय आहे.

म्हणून वर्गात शिकविणाऱ्या मित्रांना एक विनंती. येत्या २४ ऑक्टोबरला विद्यार्थी आंतरराष्ट्रीय सहकार्यावर निबंध लिहितील, तेव्हा त्यांना देवीच्या रोगाविषयी जरूर सांगा. ८ डिसेंबर १९४६ च्या मतदानाविषयी सांगा, आणि त्यात भारत कोणत्या बाजूला होता तेही अभिमानाने सांगा. मग त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातले ते पत्र सांगा. खिशात राहिलेले निवेदन सांगा. डर्बन हे नाव दोनदा सांगा. शेवटी विचारा की, स्मट्स यांचे म्हणणे चूक होते काय? वर्गातला प्रत्येक मुलगा आणि मुलगी ‘होय’ म्हणेल. त्या उत्तराचा पुढचा अर्थ त्यांना स्वतःला काढू द्या.